सेकंडला अडकलेली सी-क्लास: डबा बदलण्याआधी काय तपासायचं

जुनी मर्सिडीज गॅरेजात आली की मालकाच्या तोंडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गिअरबॉक्स गेलाय म्हणे." कोण म्हणे, तर आधी जिथे दाखवली तिथला माणूस. त्याने ओव्हरहॉलचं एस्टिमेटही दिलेलं असतं, आणि तो आकडा बघून मालक गाडी विकायच्याच विचारात आलेला असतो. मी मूळचा ऑटो इलेक्ट्रिशियन. भोसरीत काम करतो, त्यातही जुन्या जर्मन गाड्यांच्या वायरिंगचं जास्त. माझा गिअरबॉक्सवाला मित्र म्हणतो, तुला सगळीकडे वायरच दिसते. दिसत असेलही. पण या विशिष्ट गिअरबॉक्सच्या बाबतीत दहातल्या बऱ्याच गाड्यांत दोष विजेचाच निघतो, आणि तो शोधायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही.

कोणता गिअरबॉक्स ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यालाच लागू आहे. मर्सिडीजचा ५ गिअरचा ऑटोमॅटिक, नंबर ७२२.६. तो १९९६मध्ये आला. मर्सिडीजने पुण्यात गाड्या जुळवायला १९९५मध्ये सुरुवात केली, त्यामुळे आपल्याकडे रस्त्यावर असलेल्या जुन्या ई-क्लास (डब्ल्यू २१०) आणि सी-क्लास (डब्ल्यू २०३) ऑटोमॅटिकमध्ये बहुधा हाच असतो. महिंद्राने विकलेल्या सांगयाँग रेक्स्टनच्या ऑटोमॅटिकमध्येही मर्सिडीजचाच ५ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. मी इथे डब्ल्यू २०३ डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण माझ्याकडे त्याच जास्त येतात.

या गिअरबॉक्सचा मेंदू, म्हणजे कंट्रोल मॉड्युल, गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. आम्ही त्याला सरळ 'डबा' म्हणतो; स्कॅनरवर तो ईजीएस नावाने दिसतो. जुन्या ई-क्लासमध्ये तो बॉनेटखाली मागच्या बाजूच्या काळ्या पेटीत इतर मॉड्युलांसोबत बसतो. डब्ल्यू २०३मध्ये तो पुढच्या सीटवर बसलेल्याच्या पायाखाली, गालिचा आणि त्याखालची फळी उचलली की सापडतो. डबा बाहेर असणं ही आपल्यासाठी चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की डबा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी वायर आहे, आणि तिचं एक टोक कायम तेलात आहे.

लक्षणं

चालत्या गाडीत एकदम गिअर बदलणं थांबतं. सिग्नलला थांबून निघालात की उठाव नाही, आणि साठच्या पुढे इंजिन नुसतं ओरडतं. हा लिंप मोड. डब्याला काहीतरी पटलं नाही की तो सगळ्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तेलाच्या व्हॉल्व्हचा, करंट तोडतो. मग गिअरबॉक्स फक्त तेलाच्या दाबावर चालतो: पुढे सेकंड, मागे रिव्हर्स. बाकी काही नाही. गाडी बाजूला घ्या, पी मध्ये टाका, चावी बंद करून १० सेकंद थांबा आणि परत चालू करा. गाडी पुन्हा सगळे गिअर टाकायला लागली, तर क्लच प्लेटा जळालेल्या नाहीत एवढं तरी नक्की समजा. जळालेली प्लेट चावी फिरवून बरी होत नाही.

थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने अडकते, की सकाळी पहिल्या स्टार्टलाच अडकलेली असते, की पाऊस पडून गेल्यावर अडकते, हे मालकाने लिहून आणलं तर माझं निम्मं काम झालं. गरम झाल्यावरच अडकणारी गाडी बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आतल्या कंडक्टर प्लेटकडे (सेन्सर बसवलेल्या पट्टीकडे) बोट दाखवते. वेळकाळ न बघता कधीही अडकणारी वायर, प्लग किंवा डब्याकडे. हा नियम नव्हे, कल आहे.

आधी स्वस्तातल्या गोष्टी

बॅटरी. हसू नका. या गाड्यांतले सगळे डबे एकमेकांशी कॅन लाइनवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, बोलतात, आणि व्होल्टेज पडलं की एकेक करून तक्रारी नोंदवायला लागतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या आसपास हवेत, स्टार्टर मारताना १०च्या खाली जायला नको, इंजिन चालू असताना १४च्या जवळपास. यात गडबड असेल तर ती आधी दुरुस्त करा, सगळे कोड पुसा आणि मग गाडी चालवून बघा.

दुसरं, ब्रेक पेडलवरचा ब्रेक लाइट स्विच. तो गेला की लिव्हर पी मधून निघत नाही, ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्सच अडकला. तिसरं, चाकांचे स्पीड सेन्सर. गिअरबॉक्सचा डबा चाकांचा वेग स्वतः मोजत नाही, तो ईएसपीच्या डब्याकडून कॅनवर घेतो. एका चाकाचा सेन्सर चुकीचं बोलायला लागला तर गिअर वेड्यासारखे बदलतात आणि दोष गिअरबॉक्सच्या नावावर जातो. चौथं, गिअर लिव्हरच्या खालचं मॉड्युल. ते कप होल्डरच्या शेजारी आहे, आणि मुंबई-पुणे करणारा माणूस चहा गाडीतच पितो. लिव्हरखाली चिकट, गोड वास असलेलं काही दिसलं तर आधी तिकडे बघा.

स्कॅनर लावताना एक गोष्ट पाळा. गाडीतला प्रत्येक डबा वाचा, नुसतं इंजिन आणि गिअरबॉक्स नको. सगळे कोड कागदावर उतरवा किंवा फोटो काढा, मगच पुसा. बाजारातला साधा ओबीडी रीडर 'पी ०७००' दाखवेल. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या डब्यात तक्रार आहे, आत जाऊन वाचा. तो कोड बघून कुणी गिअरबॉक्स उघडायला निघाला तर त्याच्या हातून गाडी परत घ्या. डब्यात शिरणारा, लाइव्ह डेटा दाखवणारा मर्सिडीजचा स्कॅनर लागतो. डब्ल्यू २१०मध्ये तर बॉनेटखालचं गोल ३८ पिनांचं सॉकेट वापरावं लागतं, त्याचा ॲडॅप्टर असल्याशिवाय तिकडे पोचताच येत नाही.

पुसलेल्यातले जे कोड परत येतात, ते खरे.

तेल चढतं कुठून

आता मुख्य मुद्दा. गिअरबॉक्सच्या बाजूला एक गोल, १३ पिनांचा प्लग आहे. तो गिअरबॉक्सच्या भिंतीतून आत जाणाऱ्या एका प्लास्टिकच्या बुशवर बसतो. बुशवर दोन रबरी ओ-रिंग असतात. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून त्या कडक होतात, आणि तेल बुशच्या बाहेर येऊन प्लगमध्ये साचतं. गाडीखाली थेंब पडला तर नशीब, निदान दिसतं तरी. बऱ्याचदा तो पडत नाही. तेल वायरच्या तांब्याच्या तारांमधल्या फटींतून, इन्सुलेशनच्या आतून, समईच्या वातीत चढावं तसं वर चढतं आणि काही महिन्यांनी थेट डब्याच्या कनेक्टरात पोचतं. तिथून बोर्डावर.

औंधच्या एका डॉक्टरांची सी २२० सीडीआय माझ्याकडे आली होती. आधी दुसरीकडे डबा बदलून झाला होता, सेकंडहँड का होईना. थोडे दिवस गाडी मस्त चालली आणि परत सेकंडला बसली. 'डबा डुप्लिकेट दिला' असं डॉक्टरांचं मत झालं होतं. आम्ही गालिचा उचलला. फळीचे स्क्रू काढले तेव्हाच एटीएफचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा, तो गोडसर, जरा जळकट वास आला. कनेक्टरची क्लिप दाबून ओढला, तर आतल्या पिना ओल्या, दिव्याखाली लालसर चमकत होत्या, आणि टिश्यू पेपरचं टोक आत घातलं की गुलाबी होऊन बाहेर येत होतं. डबा डुप्लिकेट नव्हता. बुश कुणी बदललंच नव्हतं, त्यामुळे दुसराही डबा तेलात बुडला. एटीएफ तसं विजेचं वाहक नाही; पण त्यातली झीज, ओलावा आणि धूळ मिळून पिनांमध्ये जो थर बसतो तो सेन्सरच्या बारीक सिग्नलला पुरेसा बिघडवतो.

म्हणून माझा क्रम असा: डब्याचा संशय आला की आधी १३ पिनांचा प्लग उघडायचा, मग डब्याचा कनेक्टर. दोन्ही बघितल्याशिवाय पार्टची ऑर्डर द्यायची नाही.

गाडी रॅम्पवर किंवा नीट स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. चावी बंद, गिअरबॉक्स थंड. प्लगवर पत्र्याचं संरक्षण असेल तर काढा. प्लगची कॉलर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की तो सुटतो. पक्कड लावून जोर करू नका, कॉलर तुटते. प्लगच्या आत तेल दिसलं तर बुश बदलायचंच, डबा चांगला असो वा नसो. बुश ७ मिलिमीटरच्या एका स्क्रूवर अडकलेलं असतं. स्क्रू सोडवून सरळ बाहेर ओढायचं. इंजिन बंद असताना पॅनमधल्या तेलाची पातळी वर असते, म्हणून बुश काढलं की तेल हातावर येतं. आधी पॅन रिकामा करा, नाहीतर खाली परात ठेवा. नवीन बुश ओरिजिनलच घ्या. या एका पार्टवर पैसे वाचवू नका, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

वायरमध्ये चढलेलं तेल मात्र एका दिवसात जात नाही. दोन्ही टोकं कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, हलक्या हवेने वाळवा, रात्रभर उघडी ठेवा आणि परत धुवा. ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल वापरू नका, कनेक्टरचं प्लास्टिक आणि सील खराब होतात.

दोषी कोण: वायर, प्लेट की डबा

गिअरबॉक्सच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवर (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागावर), कंडक्टर प्लेट नावाची एक प्लास्टिकची पट्टी आहे. तिच्यात तांब्याच्या पट्ट्या, एन-२ आणि एन-३ हे दोन स्पीड सेन्सर, तेलाचा तापमान सेन्सर आणि स्टार्टर लॉकचा रीड स्विच आहे. ही प्लेट आणि डबा यांची लक्षणं इतकी सारखी असतात की लोक एकाऐवजी दुसरं बदलतात. दोघांत फरक करणारी चाचणी सोपी आहे, मल्टिमीटर आणि गाडीचा सर्किट डायग्रॅम एवढंच लागतं. डायग्रॅमशिवाय पिनांत सुया घालत बसू नका.

दोन्ही स्पीड सेन्सरना डबा ६ व्होल्ट पुरवतो. प्लग गिअरबॉक्सवरून काढा, चावी ऑन करा, इंजिन बंदच राहू द्या. प्लगच्या वायरकडच्या बाजूला सेन्सर सप्लाय आणि सेन्सर अर्थ या दोन पिनांवर मीटर लावा. ६ व्होल्ट स्वच्छ येत असतील तर डबा आणि वायर दोघांनी काम केलं. आता प्लग परत जोडा आणि डब्याच्या कनेक्टरवर मागून सुई लावून तेच व्होल्टेज बघा. जोडल्याबरोबर ते पडलं तर कंडक्टर प्लेट आतून शॉर्ट आहे, डबा निर्दोष.

उलट, प्लग काढलेला असतानाही ६ व्होल्ट येत नसतील तर डब्यापाशी जा. डब्याच्या कनेक्टरवर ते आहेत आणि गिअरबॉक्सपाशी नाहीत, म्हणजे मधली वायर तुटली किंवा कुजली. डब्यापाशीही नाहीत, तर डब्याचा स्वतःचा सप्लाय आणि अर्थ मोजा. लोडसह मोजा. नुसता टेस्टर दिवा न लावता डब्याच्या सप्लाय पिनेवर एक छोटा बल्ब जोडा आणि मग व्होल्टेज बघा. कुजलेली वायर मीटरला १२ व्होल्ट दाखवते आणि बल्ब लावला की कोसळते. सप्लाय आणि अर्थ दोन्ही पक्के आहेत, कनेक्टर स्वच्छ आहे आणि तरीही डबा ६ व्होल्ट देत नाही, अशा वेळी डबा गेला असं म्हणायला मी तयार असतो. त्याच्या आधी नाही.

डब्याचा कनेक्टर उघडलेलाच आहे तर तिथूनच सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजून घ्या. आत सहा सोलेनॉइड आहेत. गिअर बदलणाऱ्या तिन्हींचा प्रत्येकी ३.८ ओमच्या आसपास, दाब नियंत्रित करणाऱ्या दोघांचा ५ ओम, टॉर्क कन्व्हर्टर लॉक करणाऱ्याचा २.५. हे गिअरबॉक्स थंड असतानाचे आकडे. वायर आणि मीटरच्या दांड्यांचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. सगळेच आकडे थोडे जास्त आले तर प्लगच्या पिना बघा, एकच वेगळा आला तर तो सोलेनॉइड बघा. मोजताना सोबतच्या पोराला प्लगजवळची वायर हलवायला सांगा. आकडा उडाला की जागा सापडली.

लाइव्ह डेटामध्ये एन-२ आणि एन-३ शेजारी शेजारी लावून गाडी चालवा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमध्ये दोन्ही सारखं दाखवायला हवेत; पहिल्या आणि पाचव्यात एक शून्यावर जातो, तो दोष नाही. गरम झाल्यावर मधल्या गिअरांत एखादा अचानक शून्य व्हायला लागला तर प्लेट. प्लेट बदलणं हे पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी उतरवायचं काम आहे. अवघड नाही, पण स्वच्छतेचं आहे: टॉर्क्स टी-३० बोल्ट, व्हॉल्व्ह बॉडीला ८ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त नाही, दोन लांबीचे बोल्ट आहेत ते मिसळायचे नाहीत, आणि धागे सुटणारा कपडा जवळही आणायचा नाही. व्हॉल्व्ह बॉडीचे दोन अर्धे मात्र अजिबात वेगळे करू नका. आतल्या छोट्या गोळ्या जमिनीवर घरंगळल्या की कुठली कुठे होती हे सांगणारं कुणी नसतं. याबद्दल इथे एवढंच, कारण विषय डब्याचा आहे.

दुसरा डबा आणायचा कुठून

तेल लागलेला डबा लगेच फेकू नका. झाकण उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुतला, नीट वाळवला आणि पिना साफ केल्या, तर काही डबे परत कामाला लागतात. पिना हिरव्या पडल्या असतील किंवा बोर्डावर काळा डाग असेल तर आशा सोडा.

नवीन डबा कंपनीकडून ऑर्डर करता येतो, पण जुन्या गाडीला तो परवडेलच असं नाही. सेकंडहँड कुर्ल्याच्या बाजारात किंवा दिल्लीला मायापुरीत मिळतो. घेताना लेबलवरचा पार्ट नंबर पूर्ण जुळवा, शेवटच्या आकड्यापर्यंत. 'साहेब, सेमच आहे, सी-क्लासचाच आहे' याला अर्थ नाही. डिझेलचा आणि पेट्रोलचा वेगळा असतो, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांतही फरक पडतो. दुकानातच कनेक्टरमध्ये टिश्यूचं टोक घालून बघा. गुलाबी आलं तर परत द्या. तो डबा ज्या गाडीतून निघाला तिला तुमच्याच गाडीचा आजार होता.

तिसरा मार्ग, जुन्या डब्यातली मेमरी चिप वाचून तोच डेटा दुसऱ्या डब्यात टाकून देणारे कारागीर पुण्या-मुंबईत आहेत. पार्ट नंबर जुळत असेल आणि माणूस माहितीतला असेल तर मला हा मार्ग सगळ्यात जास्त आवडतो, कारण कोडिंगची डोकेदुखी वाचते.

बदलताना

जुना डबा स्कॅनरशी अजून बोलत असेल तर त्याचं कोडिंग आधी वाचून फोटो काढा: गाडीचा प्रकार, इंजिन, डिफरन्शियलचा रेशो, टायरचा आकार. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि डबा काढल्यावर ते करता येत नाही.

चावी काढा, दारं बंद करून गाडीतले सगळे डबे झोपेपर्यंत थोडा वेळ थांबा, मग बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. रेडिओचा कोड मालकाकडे आहे का ते त्याआधी विचारा. गालिचा ओढून काढू नका. दाराच्या पट्टीची क्लिप आधी सोडवली तर तो दुमडून बाजूला होतो. खालचा फोम ओला असेल तर तिथे तेल आहे की पाणी ते हाताला लावून बघा. पावसाळ्यात काचेखालच्या पाणी जायच्या वाटा पानांनी तुंबल्या की पाणी आत येतं, आणि तसं असेल तर नवीन डब्याचं काय होणार ते सांगायला नको. आधी त्या वाटा मोकळ्या करा.

गाडीच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कनेक्टरची लॉकपट्टी सरकवून सरळ ओढा, वाकडातिकडा हलवू नका. नवीन डबा जागेवर बसवा, कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा, आणि निगेटिव्ह जोडताना चावी बंदच असल्याची खात्री करा. गालिचा आत्ताच परत बसवू नका.

आता कोडिंग. फोटोत होतं तेच भरा. टायरचा आकार चुकवला तर गाडी चालते, पण गिअर चुकीच्या वेगाला बदलतो, आणि मालक महिनाभराने 'पूर्वीसारखी मजा नाही' म्हणत येतो. सगळ्या डब्यांतले कोड पुसा. मग ॲडॅप्टेशन व्हॅल्यू, म्हणजे डब्याने चालता चालता शिकून ठेवलेले आकडे, रीसेट करा, कारण सेकंडहँड डब्याला दुसऱ्याच गिअरबॉक्सच्या झिजलेल्या प्लेटांची सवय आहे.

तेलाची पातळी बघताना एक खाच आहे, ती चांगल्या मेकॅनिकनाही ठाऊक नसते. या गिअरबॉक्सच्या नळीत डिपस्टिक नसते, वेगळी आणावी लागते, आणि पातळी ८० अंशांना, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर बघायची असते. पण तापमान सेन्सर आणि स्टार्टर लॉकचा स्विच एकाच लाइनमध्ये आहेत. पी आणि एन मध्ये ती लाइन उघडी असते, त्यामुळे स्कॅनर तेलाचं नव्हे, इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवतो. पाय ब्रेकवर घट्ट ठेवून क्षणभर डी किंवा आर मध्ये टाका, खरा आकडा तेव्हा दिसतो. मग पी मध्ये परत आणून डिपस्टिक घाला. पॅन उतरवला असेल तर साधारण ४ लिटर तेल लागतं. मर्सिडीजच्या २३६.१० किंवा त्यानंतरच्या २३६.१४ मान्यतेचंच घ्या. कंपनीने सुरुवातीला हे तेल आयुष्यभराचं म्हणून सांगितलं होतं. नंतर त्यांनीच बदलायला सांगितलं. पॅन उतरलाच आहे तर फिल्टर आणि तेल बदलून टाका. पॅनचे बोल्टही ८ न्यूटन-मीटर, ड्रेन प्लग २०.

रीसेटनंतर पहिले काही किलोमीटर गिअर झटका देतील. घाबरू नका आणि लगेच परत स्कॅनर लावू नका. तेल ६० अंशांच्या वर गेलं की अर्ध्या पायाखाली, एकसारख्या ॲक्सिलरेटरवर एक ते पाच सगळे गिअर चढू द्या, मग पाय सोडून गाडी आपोआप खाली येऊ द्या. हेच परत परत. आम्ही यासाठी सकाळी लवकर जुन्या मुंबई रस्त्याने देहूरोडच्या पुढे जातो, कारण पिंपरीच्या सिग्नलांमध्ये गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही आणि डब्याला चौथा-पाचवा शिकायलाच मिळत नाही. घाटात किंवा फुल पिकअप देऊन शिकवायला जाऊ नका.

दोन-तीन आठवड्यांनी गाडी परत आणा. १३ पिनांचा प्लग उघडा, टिश्यू घाला. डब्याचा कनेक्टरही. वायरमध्ये उरलेलं तेल अजून थोडं थोडं वर येत असेल, ते साफ करा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. डॉक्टरांच्या गाडीत डब्याच्या बाजूला दुसऱ्या फेरीतही टिश्यू फिकट गुलाबी आला. गिअरबॉक्सच्या बाजूला कोरडा होता, म्हणजे बुश धरून होतं आणि येणारं तेल जुनंच होतं. तिसऱ्या वेळेला दोन्हीकडे पांढरा आला, तेव्हा गालिच्याच्या क्लिपा लावल्या.

शेवटी एक सूचना. तुमच्या गाडीत ७ गिअरचा ७२२.९ असेल तर हे वाचून कामाला लागू नका. त्यात डबा गिअरबॉक्सच्या आत, कंडक्टर प्लेटलाच जोडलेला असतो आणि गाडीच्या चोरी-प्रतिबंधक यंत्रणेशी बांधलेला असतो. तिथे दुसऱ्या गाडीचा डबा नुसता आणून बसवला तर गाडी चालू होणार नाही.